भाड्याचा फेटिया

"तो नाही वहिनी. त्याच्या मागे टांगलाय, तो," चव्हाण मॅडम म्हणाल्या.

मी हातातला हँगर तसाच धरून उभी राहिले. गॅदरिंगचा दिवस म्हणजे आमच्या ड्रेपरीत लगीनघाई. काउंटरवर मावळ्यांच्या पगड्यांचा ढीग, खाली पोत्यात लाकडी तलवारी, आणि राजहंसाची चोच सापडत नाही म्हणून एक पालक सकाळपासून माझं डोकं खात बसलेले. त्यात या बाई. शाळेत मराठी शिकवणाऱ्या, इस्त्रीच्या साडीतल्या, कधी कुणाशी चार शब्द जास्त न बोलणाऱ्या. एरवी दुकानाची पायरीही चढत नसत, त्या आज थेट आतल्या दांडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी त्यांना सांगितलं की तो जुना लमाणी ड्रेस त्यांच्याच शाळेच्या नाचाला लागलाय, संध्याकाळी मध्ये नाचणारी मुलगी तोच घालणार आहे. हवा असेल तर नवा न्यावा, सुरतेचा माल आहे, दिव्याखाली नुसता चमकतो.

"चमकणारा नको. हाच द्या. सहाच्या आत आणून देते."

'आणून देते' या शब्दावर ड्रेपरीचा धंदा चालत नाही. आजवर त्या शब्दावर आमचे दोन मुकुट आणि मारुतीची एक शेपटी गेलेली होती. मी विचारलं, कशाला हवाय? घागऱ्याच्या काठाला शिवलेली एक कवडी त्यांनी बोटाने उलटी केली, तिच्याखालचा लाल टाका पाहिला आणि पुन्हा सरळ केली. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले.

"माझी आई मागतेय," त्या म्हणाल्या.

हे सगळं दिग्रसचं, पंचवीसेक वर्षांपूर्वीचं. ड्रेपरी माझ्या सासऱ्यांनी काढलेली, पुढे ती मी सांभाळली. देव, राक्षस, पोलीस, वासुदेव, जो हवा तो आमच्याकडे भाड्याने मिळे. सगळ्यात जास्त मागणी दोनच गोष्टींना, कोळी ड्रेस आणि लमाणी ड्रेस. आमच्या जिल्ह्यात समुद्र औषधालाही नाही, पण कोळी नाच नसलेलं गॅदरिंग मी पाहिलेलं नाही. तांडे मात्र गावाच्या चारी बाजूंना होते. बाजाराच्या दिवशी त्या बायका आमच्या दुकानावरून जात, आणि आत आमच्याकडे त्यांचे कपडे हँगरला लटकलेले असत. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

बाकीचे ड्रेस आम्ही शिवून घेतलेले, नायलॉनचे, प्लॅस्टिकच्या टिकल्या चिकटवलेले. हा एकच अस्सल होता. जाड लाल कापड, त्यावर खऱ्या काचेचे भिंग, कवड्या, आणि इतकं दाट भरतकाम की उचलताना मनगट दुखावं. घागऱ्याला त्यांच्यात फेटिया म्हणतात, पोलक्याला कांचळी, आणि डोक्यावरून घ्यायच्या ओढणीला टुकरी. सासऱ्यांनी हा तिन्ही कपड्यांचा जोड एका बोहारणीकडून घेतला होता. तिने तो गावातल्याच कुठल्या तरी घरून स्टीलच्या पातेल्यावर उचलला होता. कंबर प्रत्येकीला बसावी म्हणून मी त्याला इलॅस्टिक घातलं. कांचळीला पाठ नसते, नुसत्या नाड्या असतात. शाळेच्या मुख्याध्यापिका बोबडे मॅडम यांनी शोभेल असं करा म्हणून निरोप धाडला, तेव्हा मी मागून कातडीच्या रंगाचं कापड लावून ती पाठ बंद केली. दरवर्षी तो ड्रेस घालणाऱ्या मुलीला टाळ्या पडत, शिट्ट्याही पडत.

मी मॅडमना म्हटलं, मी तुमच्याबरोबर येते, संध्याकाळी तो मलाच मुलीच्या अंगावर चढवायचाय. यजमान भर गर्दीत दुकान टाकून चाललेय म्हणून कुरकुरले. राजहंसाची चोच मी त्यांच्या गळ्यात घातली आणि निघाले.

स्टँडवर कंडक्टरने मॅडमना ओळखलं. त्याचा पोरगा त्यांच्या वर्गात असावा. त्याने पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोराला उठवलं आणि म्हणाला, "या मॅडम, बसा इकडं. उभं नोका राहू." आम्ही दोघी बसलो. ड्रेसची पिशवी मॅडमनी मांडीवर घेतली होती.

वाटेत त्यांनी मला सगळं सांगितलं, खिडकीबाहेर बघत, धडा वाचून दाखवावा तशा आवाजात. चव्हाण म्हटलं की लोक मराठे समजतात. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नोकरी लागल्यावर आईला गावात आपल्याकडे आणलं. आई अंगणात फेटिया-कांचळीत बसायची, हातभर बांगड्या, केसांत चांदीच्या घुगऱ्या, आणि शेजारणी बघत बघत जायच्या. मग मॅडमनी तिला साड्या आणून दिल्या. आई चार दिवस तांड्यावर गेली असताना बोहारीण दारात आली. लग्नातला तो जोड आईच्या आईने दोन उन्हाळे बसून भरलेला होता. मॅडमनी तो तिच्या गाठोड्यात टाकला आणि स्टीलचं पातेलं घेतलं. आईला सांगितलं की नीट घडी करून कपाटात ठेवलाय.

"पुढच्याच वर्षी आमच्या गॅदरिंगला तो स्टेजवर आला," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या रांगेत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, किती छान दिसतेय नाही पोरगी. मी हो म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी हो म्हणतेय."

आई पुढे तांड्यावरच परतली, आणि आता तिने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. वडील अजून होते, म्हणजे आई सवाष्ण जाणार, आणि तिचा एकच हट्ट होता, मला माझ्या फेटियात न्या. मॅडमचा बेत असा होता की आज ड्रेस दाखवून आईचं मन शांत करावं. पुढचं पुढे, तेव्हा विकत घेता आला तर घ्यावा. आपण तो कुणाला दिला होता हे आईला कळू न देता तिने जावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, मी तोंड उघडणार नाही.

तांड्यावर मॅडमची आई, लाखीबाई, अंगणात उन्हाला बाजेवर होत्या. अंगावर विटकी साडी, पण केसांत घुगऱ्या तशाच. म्हातारबा लिंबाखाली बसलेले, आम्हाला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मॅडम आईशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या आणि ड्रेस तिच्या मांडीवर ठेवला. त्यातलं मला एवढंच कळलं की त्या तिला याडी म्हणत होत्या, आणि 'कपाट' हा शब्द दोनदा आला.

म्हातारीने फेटिया डोळ्यांनी पाहिलाच नाही, हातांनी पाहिला. एकेक भिंग चाचपत बोटं कमरेपाशी आली आणि थांबली. तिने इलॅस्टिक ताणलं, सोडलं. पुन्हा ताणलं. मग कांचळी उलटी केली आणि मान वर करून माझ्याकडे पाहत मराठीत विचारलं, "हे पाठ कोनं लावली, बाई?"

एवढं तोंड न उघडण्याचं कबूल करून आलेली मी. पण त्या नजरेपुढे थाप सुचेना.

"मी लावली."

"काऊन?"

"शाळेच्या कार्यक्रमात उघडी पाठ चालत नाही म्हणून."

मॅडम खाली बघत होत्या. एका वाक्यात मी त्यांचं कपाट उघडून दाखवलं होतं. पण लाखीबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "तांड्यावरच्या पोरी जाते ना तिच्या शाळंत. त्यायनं कवाच सांगतलं, काकी, तुहा फेटिया नाचते म्हून." मग लेकीकडे न बघताच, "म्हनूनच तं मांगतला. म्हटलं, पाहू आनते का."

मॅडम बाजेच्या पायथ्याशी बसल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या. म्हातारीने त्यांना रडू दिलं. तिला माझ्याकडून काही काढून घ्यायचं होतं.

"टाळ्या पडते?"

"खूप पडतात."

"मंग थे पोरगी हे घालूनच एस्टीत बसते का? घरी जाते का असीच?"

मी म्हटलं, नाही, नाच झाला की विंगेतच काढते, मी घडी करून ट्रंकेत ठेवते.

"हं," लाखीबाई म्हणाल्या. "मी जात होती एस्टीत."

मग त्यांनी कांचळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उसव." ब्लेड माझ्या पर्समध्ये नेहमी असतं. तिथेच उन्हात बसून मी माझेच टाके उसवले. मी पक्के घातले होते, लवकर निघेनात. कातडीच्या रंगाचा तो तुकडा सुटून आला तेव्हा त्याच्याखालच्या नाड्या अजून शाबूत होत्या.

आता तिला घालायचं, असं मला वाटलं. पण म्हातारीने लेकीकडे बोट केलं. मॅडम नाही नाही म्हणत मागे सरकल्या. मला येत नाही, मी कधी घातला नाही, माप बसायचं नाही, एक ना दोन.

"लोकायच्या पोरी घालतेत," आई म्हणाली. "तू एकडाव घाल. मले पाहू दे. मंग मले घालजा."

मॅडमना खरंच येत नव्हतं. नाडी कुठली कुठे बांधायची हेही ठाऊक नव्हतं. मला होतं, मी वर्षानुवर्षं पोरींना तो चढवत आलेले. तेव्हा आत नेऊन एका लमाणी बाईला लमाणी कपडे मी नेसवले, आणि हे करताना मला जे वाटलं त्याला अजून नाव सापडलेलं नाही. बाहेर आणल्यावर म्हातारीने माझी चूक काढली. आम्ही टुकरी खांद्यावर पिन लावून सोडतो, लोकांना भरतकाम दिसावं म्हणून. तिने ती डोक्यावरून घ्यायला लावली, आणि मॅडमची सगळी पाठ त्याखाली झाकली गेली.

"टुकरी असते ना पाठीले," ती मला म्हणाली. "तुमी उगाच कापड घातलं."

मग तिने लेकीला आडवंतिडवं फिरवून पाहिलं. त्या म्हातारीला आनंद झाला होता, तो लपत नव्हता. आणि त्याच आनंदात ती म्हणाली, "आता जाय शाळंत. असीच जाय."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. साडी आतच होती, दोन मिनिटांचं काम होतं. मी हळूच म्हटलं की वाटेत बदलता येईल, आईंना काय कळणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. आईला काय कळतं आणि काय नाही हे त्या नुकत्याच शिकल्या होत्या. त्यांनी चपला घातल्या, पर्स उचलली आणि चालू लागल्या.

परतीला तीच गाडी, तोच कंडक्टर. मॅडम पायरीवर चढल्या तशी पुढच्या सीटवरच्या माणसाने शेजारच्या मोकळ्या जागेवर आपली पिशवी ठेवली. कंडक्टर पंच वाजवत आला.

"ए बाई, मांगं व्हय. मांगं. रस्त्यात नोको उभी राहू. पैसे हायत ना तिकिटाचे?" आणि मला, "तुमी बसा ना ताई. ओ भाऊ, पिशवी घ्या ती, ताईला बसू द्या."

मी म्हणाले, अहो, या सकाळच्याच, आणि माझ्या मनगटावर मॅडमची बोटं घट्ट बसली. त्यांनी पर्समधून नोट काढून त्याच्यापुढे धरली. त्याने नोट उजेडात धरून पाहिली, तिकीट दिलं, चेहऱ्याकडे काही पाहिलं नाही. आम्ही दोघी दिग्रसपर्यंत दांड्याला धरून उभ्या होतो. पिशवी सीटवर बसून आली.

शाळेच्या फाटकावर बिल्ले लावलेल्या स्वयंसेवक पोरी होत्या. त्यातली एक ओरडली, "कलाकारांनी मागच्या दाराने!" दुसरीने ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात बोबडे मॅडम आल्या. त्या बाई वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगते. त्या मनापासून हरखल्या होत्या.

"चव्हाण मॅडम? अगंबाई, मी ओळखलंच नाही. हुबेहूब लमाणीण. बाजारात उभं केलं तर कुणी म्हणणार नाही की शिक्षिका आहेत." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शिक्षकांनीही भाग घ्यावा म्हणून मी दरवर्षी सांगते. बघा, याला म्हणतात हौस."

त्यांनी मॅडमना हाताला धरून पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. तासाभरापूर्वी त्याच कपड्यांना बसायला जागा नव्हती, इथे खुर्चीला पांढरं कव्हर होतं. मी विंगेत गेले. मधल्या मुलीचं नाव मृणाल. तिला ड्रेस कुठून द्यायचा या काळजीत मी होते. भीत भीत सुरतेचा नायलॉन पुढे केला, तर पोरगी उडीच मारायची बाकी. "काकू, हा किती हलका आहे. तो जुना टोचायचा हो." तिच्यासाठी प्रश्न मिटला.

नाच चालू असताना मी पडद्याच्या फटीतून पहिली रांग बघत होते. मॅडम ताठ बसल्या होत्या. बोबडे मॅडमचा हात मात्र सारखा त्यांच्या बाहीवर होता. एकेक भिंग चाचपायच्या, पलीकडच्या पाहुणीला दाखवायच्या, पुन्हा चाचपायच्या. नायलॉनच्या पोरी स्टेजवर गिरक्या घेत होत्या. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

मग प्रमुख पाहुण्यांनी माइक मागून घेतला. निवृत्त अधिकारी होते, रसिक म्हणून गावात प्रसिद्ध. त्यांनी आपल्यातर्फे एक खास बक्षीस जाहीर केलं, उत्कृष्ट वेशभूषेचं, आणि ते मुलीला नाही, शिक्षिकेला. सभागृह टाळ्यांनी भरलं. मॅडम उठल्या. स्टेजच्या पायऱ्या चढताना त्यांनी फेटियाचा घेर दोन्ही हातांनी उचलला, अगदी सवय असल्यासारखा. पाहुण्यांनी त्यांच्या हातात झाकणाचा स्टीलचा डबा दिला. मॅडमनी डब्याकडे पाहिलं, नुसतं पाहत राहिल्या. मग विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी पडदा धरून उभी होते, मला नजर वळवता आली नाही.

"एक सांगा मॅडम," पाहुणे माइकवर हसत म्हणाले, "इतका अस्सल पोशाख मिळवला कुठून?"

"आईचा आहे."

"वा. म्हणजे आईंनाही नाटकाची आवड दिसते."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ती हाच घालते. आम्ही बंजारा आहोत."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि माइक निवेदिकेकडे दिला. दोनचार टाळ्या उठल्या आणि आपोआप बसल्या. मागे सतरंजीवर तांड्यावरच्या काही बाया बसल्या होत्या. त्या एकमेकींकडे बघत होत्या, त्यांनीही टाळी वाजवली नाही. निवेदिकेने घाईघाईने पुढच्या एकांकिकेचं नाव पुकारलं. मॅडम खाली येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या.

बोबडे मॅडम त्यांच्याकडे बघून हसल्या. खरंच हसल्या, काहीतरी बरं बोलल्याही असतील. पण मघापासून बाहीवर असलेला तो हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, दुसऱ्या हाताखाली ठेवला, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो तिथेच होता. मला विंगेतून एवढं एकच दिसत होतं.

एकांकिका संपली तेव्हा मॅडमची खुर्ची रिकामी होती. डबा खुर्चीखाली होता. शिपायाने तो ऑफिसात नेऊन ठेवला, न्यायला कुणी आलं नाही.

लाखीबाई त्याच महिन्यात गेल्या. फेटिया, कांचळी, टुकरी, तिन्ही त्यांच्याबरोबर गेली. मी ड्रेस परत मागितला नाही आणि मॅडमनी भाड्याचं विचारलं नाही. त्या नंतरही त्याच शाळेत शिकवत राहिल्या, इस्त्रीच्या साडीत. स्टाफरूममध्ये त्यांच्याशी सगळे नीट वागत, जरा जास्तच नीट वागत, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. पुढच्या वर्षी बोबडे मॅडमचा निरोप आला की लमाणी नाच रद्द केलाय, उगाच कुणाचं मन दुखायला नको, त्याऐवजी दोन कोळी नाच ठेवलेत. आमच्या गावात कोळी कुणी नव्हते.

बाकीच्या शाळांचं चालूच आहे. नायलॉनचे ड्रेस मी अजून भाड्याने देते. धंदा आहे, नाही कसं म्हणणार, आणि पोरी आनंदाने नाचतात तेही खोटं नाही. फक्त आरशासमोर उभी राहून एखादी विचारते, काकू, कशी दिसतेय मी, तेव्हा मी टुकरी तिच्या डोक्यावरून नीट घेते आणि म्हणते, छान दिसतेस, अशीच एस्टीनं घरी जाशील का?

त्या हसतात. अजून एकीनेही हो म्हटलेलं नाही.